विश्लेषण : डॉक्टर ‘चोथा बंद’ का सांगतात? आणि तो पुन्हा सुरू केव्हा करायचा?

कोलोनोस्कोपीची तारीख ठरली, आतडे अरुंद झाल्याचे निदान झाले किंवा पोटाची शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी निघाला, की औषधांच्या चिठ्ठीवर अनेकदा आणखी एक ओळ येते : ‘लो रेसिड्यू डाएट’, म्हणजे कमी चोथ्याचा आहार. ओळ लहान असते, पण ती दोन प्रश्न मागे ठेवते. घरी जे शिजते त्यातले नेमके काय चालेल? आणि हे किती दिवस पाळायचे? चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत हे प्रश्न अधिक टोकदार होतात. इथल्या ताटात रानभाज्या, जवसाची चटणी, वास्ते आणि रानमेवा असतो, तर आहाराच्या छापील तक्त्यांत बहुधा पांढरा ब्रेड, कॉर्नफ्लेक्स आणि डबाबंद फळे. उत्तर मिळाले नाही तर एक तर तपासणी फसते, नाही तर रुग्ण महिनोन्महिने अपुऱ्या जेवणावर राहतो.

‘चोथा’ म्हणजे नेमके काय?

आपण खाल्लेल्या अन्नातील पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पचतात व रक्तात शोषले जातात. धान्याचा कोंडा, डाळीचे साल, भाजीच्या शिरा, फळांच्या बिया यांतील तंतू मात्र न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतात. हाच चोथा. त्यात न शोषलेले इतर पदार्थ, आतड्यातील जिवाणू व झडलेल्या पेशी मिसळून मळ तयार होतो. कमी चोथ्याच्या आहाराचा हेतू मळाचे प्रमाण आणि आतड्यातून जाणाऱ्या जाड, चिवट तुकड्यांची संख्या कमी करणे एवढाच असतो.

निरोगी माणसासाठी चोथा हा शत्रू नाही, गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतू खायला हवेत. कमी चोथ्याच्या आहारात हेच प्रमाण साधारणपणे १० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली आणले जाते. म्हणजे शरीराला रोज लागणारी एक गोष्ट काही कारणासाठी, काही काळापुरती, मुद्दाम अर्ध्याहून कमी केली जाते. म्हणूनच हा ‘पथ्याचा साधा सल्ला’ नाही. त्याला औषधासारखेच कारण लागते, मात्रा लागते आणि शेवटची तारीखही लागते.

‘रेसिड्यू’ हा शब्द वैद्यकातही फारसा काटेकोर नाही. कोणता पदार्थ आतड्यात नेमका किती अवशेष ठेवतो हे मोजण्याची सर्वमान्य पद्धत नसल्यामुळे अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या मार्गदर्शिकेतून हा शब्द काढून टाकला आणि ‘कमी तंतूंचा आहार’ असा मोजता येणारा शब्द पुढे आणला. जुन्या तक्त्यांत दूधही मोजूनमापून लिहिलेले दिसते. दुधात तंतू नसतात. ज्यांना दुधाने पोट फुगते किंवा जुलाब होतात, त्यांनीच ते टाळण्याची गरज असते.

हा आहार केव्हा सांगितला जातो?

प्रमुख प्रसंग चार आहेत. पहिला, कोलोनोस्कोपीची पूर्वतयारी. दुसरा, आतड्याचा एखादा भाग अरुंद झालेला असणे. क्षयरोग, क्रोन्स नावाचा आजार, गाठ किंवा जुन्या शस्त्रक्रियेनंतरचे चिकटलेले पदर ही त्याची कारणे. तिसरा, आतड्यावरील शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे, विशेषतः पोटावर शौचाचा मार्ग (स्टोमा) काढला असेल तर. चौथा, आतड्याच्या दाहाचा तीव्र भर. अल्सरेटिव्ह कोलायटिस उसळला असेल आणि दिवसातून अनेकदा रक्तमिश्रित शौच होत असेल, तर दाह ओसरेपर्यंत चोथा कमी ठेवल्याने कळा आणि फेऱ्या कमी होऊ शकतात. मात्र आहाराने दाह बरा होत नाही. तो औषधांनीच आटोक्यात येतो.

पाचवा प्रसंग पूर्वी सरसकट यादीत असायचा : ओटीपोटावरील किरणोपचार. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांना उपचार सुरू असताना तंतू बंद करायला सांगण्याची पद्धत होती. ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात उलट चित्र दिसले. उपचारांच्या काळात तंतू पुरेसे खाणाऱ्यांना आतड्याचा त्रास कमी झाला. त्यामुळे किरणोपचार सुरू आहेत म्हणून आपल्या मनाने भाजी-डाळ बंद करू नये, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

कोलोनोस्कोपीपूर्वी एवढी काटेकोर अट कशासाठी?

या तपासणीत दुर्बीण मोठ्या आतड्याच्या आतील अस्तरावरून फिरते. काही मिलिमीटरची गाठ किंवा लहानसा व्रण शोधायचा असतो. जवसाचा दाणा, टमाटरची साल किंवा भाजीचा तुकडा अस्तराला चिकटून राहिला तर त्याखालचे दिसत नाही. दुर्बिणीची शोषनळी बियांनी तुंबते. जुलाबाचे औषध घेऊनही बिया आणि साली मागे राहतात. म्हणून त्या आधीच पोटात जाऊ नयेत, हा यामागचा साधा हिशेब आहे.

पूर्वी तीन-चार दिवस आधीपासून पथ्य आणि आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ अशी पद्धत होती. आता ती बरीच सैल झाली आहे. युरोपातील तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये आणि अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार, विशेष अडचण नसलेल्या रुग्णाला आदल्या दिवशीपुरता कमी तंतूंचा हलका आहार पुरेसा ठरतो. ज्यांना जुनाट बद्धकोष्ठ आहे, मधुमेह आहे किंवा आधीची तयारी अपुरी ठरली होती, त्यांना डॉक्टर अधिक दिवस सांगू शकतात. त्यामुळे शेजाऱ्याला सांगितलेले पथ्य आपल्याला लागू होईलच असे नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रुग्णासाठी इथे पणाला काय लागते, ते नकाशा पाहिला की कळते. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असले, तरी पोटविकारांच्या विशेष उपचारांसाठी अनेकांची वाट आजही नागपूरकडे जाते. सिरोंचाहून गडचिरोली शहरच सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे आणि नागपूर त्याच्याही पुढे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा ठिकाणाहून एसटीने निघालेला माणूस आदल्या दिवशी वाटेत भूक लागली म्हणून चिवडा किंवा उकडलेले हरभरे खातो आणि दुसऱ्या दिवशी ‘पोट साफ नाही, पुन्हा या’ हे ऐकतो. तेव्हा वाया जाते ती एकट्याची तपासणी नव्हे. सोबतच्या माणसाची मजुरी, भाड्याचे पैसे आणि निदानाचे आठवडेही वाया जातात. प्रवासाच्या दिवशी काय खायचे, हे या रुग्णांना वेगळे सांगायला हवे. घरून बांधून नेलेला पांढरा भात व उकडलेला बटाटा, पिकलेले केळे, उकडलेले अंडे किंवा साधी बिस्किटे हे पर्याय बसमध्येही जमतात. जुलाबाचे औषध मात्र मुक्कामी पोहोचल्यावर, शौचालय हाताशी असतानाच सुरू करावे लागते. म्हणून प्रवासाची वेळ आणि औषधाची वेळ एकत्र ठरवून घ्यावी.

अरुंद आतडे : इथे पथ्य मोडले तर काय होते?

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. क्षयरोग म्हटले की खोकला आठवतो, पण हा रोग पोटातही होतो. लहान आणि मोठे आतडे जिथे जुळते, त्या उजव्या बाजूच्या खालच्या भागात तो अधिक आढळतो. तिथे व्रण होतात, ते भरताना आतडे आकसते आणि वाट चिंचोळी होते. जेवल्यावर काही वेळाने कळ येणे, पोटात गुडगुडणे, पोट फुगून पुन्हा बसणे, वजन घटणे ही त्याची लक्षणे.

अशा आतड्यातून पातळ अन्न जाते, पण चिवट तंतूंचा गोळा अडकतो. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, न चावता गिळलेला मक्याचा दाणा, पावसाळ्यात जंगलात मिळणाऱ्या सात्या अर्थात रानअळंब्या, संत्र्याच्या फोडीवरची साल हे सारे निरोगी आतड्याला निरुपद्रवी असतात, पण अरुंद जागी बुचासारखे बसू शकतात. स्टोमा असलेल्या रुग्णालाही पहिले सहा ते आठ आठवडे हीच काळजी घ्यावी लागते.

इथे एक गोष्ट विसरून चालत नाही. क्षयरुग्णाला चोथा कमी हवा असतो, अन्न कमी नको असते. झारखंडमध्ये झालेल्या ‘रेशन्स’ या चाचणीत क्षयरुग्णांच्या कुटुंबाला जादा शिधा दिल्यावर घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. केंद्राच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला मिळणारी मदतही नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० रुपयांवरून १००० रुपये करण्यात आली. पथ्याच्या नावाखाली डाळ, अंडी, मासे सारेच बंद झाले तर एकीकडे पोषणासाठी दिलेली मदत दुसरीकडून निष्फळ होते.

इथल्या ताटात कमी चोथा म्हणजे काय?

या दोन जिल्ह्यांचे ताट एकसारखे नाही. गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग (ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली) हा धानाचा आणि मामा तलावांचा पट्टा. पश्चिमेकडे वरोरा, राजुरा, कोरपना भागात कापूस, तूर आणि ज्वारी. त्यामुळे भातपट्ट्यातला रुग्ण या आहाराच्या अर्ध्या वाटेवर आधीच उभा असतो. भाकरी खाणाऱ्याला मात्र काही दिवस मुख्य अन्नच बदलावे लागते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ३ ग्रॅम तंतू असतात. ज्वारीत ते १० ग्रॅम, गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅमच्या वर आणि अख्ख्या मुगात तब्बल १७ ग्रॅम. साल काढलेल्या मूगडाळीत ते ९ ग्रॅमवर येतात. आता हिशेब करून पाहा. दिवसाला अडीचशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याच्या पोटात त्यातूनच सुमारे ७ ग्रॅम तंतू जातात. त्यावर ३० ग्रॅम मूगडाळीचे वरण घेतले की १० ग्रॅमची मर्यादा जवळपास भरली. म्हणजे भात चालतो म्हणून त्यावर वाटीभर भाजी, चटणी व उसळ घेता येत नाही. उरलेली भूक आणि प्रथिने चोथा नसलेल्या पदार्थांतून भागवावी लागतात.

असे पदार्थ इथे कमी नाहीत. तलावातले आणि नदीतले मासे काटे काढून, अंडी, मऊ शिजवलेली कोंबडी, सोसत असेल तर ताक व दही. भाज्यांत साल आणि बिया काढून शिजवलेली लवकी, कोहळं किंवा बटाटा. फळांत पिकलेले केळे. साबुदाणा, रवा, मुरमुरे यांतही चोथा कमी असतो. तांदळाची पेज ही तर तयार पाककृतीच आहे, तिच्यासाठी कॉर्नफ्लेक्स शोधायची गरज नाही. मात्र पेज कशाची, हे विचारायला हवे. पांढऱ्या तांदळाची पेज वेगळी आणि कोसरी किंवा नाचणीची आंबील वेगळी. दिसायला दोन्ही पातळ असल्या, तरी दुसरीत तंतू बरेच अधिक असतात. हातसडीच्या तांदळालाही हेच लागू होते.

काही दिवस बाजूला ठेवायच्या गोष्टींची यादी अशी : तरोटा, अंबाडी आणि चवळीसारख्या पालेभाज्या, वास्ते, सात्या, शेवगा, मका, हरभरा, पोपटाच्या शेंगा, लाखोळीसह सालाच्या साऱ्या डाळी व उसळी, जवस आणि तीळ, शेंगदाणे, ज्वारीची भाकर, पेरू, सीताफळ, बोरे, वाळवलेली मोहफुले. वरणावर भुरभुरलेला सांबारही तपासणीच्या आधी नको. कोथिंबिरीचे पान आतड्याच्या भिंतीला चिकटले की तेवढा भाग झाकला जातो. तिखटातही मिरचीच्या साली आणि बिया असतात, म्हणून फोडणी बेताची.

यादीत सहसा न लिहिली जाणारी एक वस्तू म्हणजे खर्रा. या भागात खर्रा जेवणात मोजला जात नाही, पण त्यातली सुपारी हा चिवट चोथाच आहे. ती काही प्रमाणात गिळली जाते. तंबाखूचे इतर सर्व तोटे बाजूला ठेवले, तरी कोलोनोस्कोपीच्या आधी आणि आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर खर्रा बंद हवा, हे रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगणे आवश्यक आहे.

टेंभरांचे काय?

उन्हाळ्यात तेंदूपानांच्या हंगामाबरोबर टेंभरे पिकतात आणि जंगलात जाणारे ती हमखास खातात. तेंदू ज्या वनस्पतीकुळातला, त्याच कुळातील परदेशी फळ म्हणजे पर्सिमन. कच्च्या पर्सिमनमधील तुरट द्रव्य जठरातील आम्लाशी मिळून घट्ट गोळा बनवू शकते आणि असा गोळा आतडे अडवू शकतो, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. धोका अधिक असतो तो जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि आतडे अरुंद असलेल्यांना. कच्चे टेंभर तोंडात घेतल्यावर जीभ आखडते ती अशाच तुरटपणामुळे. पूर्ण पिकलेली मोजकी टेंभरे निरोगी माणसाने खाण्यात घाबरण्यासारखे काही नाही. ज्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मात्र ती, विशेषतः अर्धकच्ची आणि रिकाम्या पोटी, टाळलेली बरी.

सिकलसेल आणि लोहाच्या गोळ्या : इथला वेगळा मुद्दा

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण लक्षणीय आहेत. या आजारात शरीरातील पाणी कमी झाले की लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचा झटका येतो. कोलोनोस्कोपीच्या तयारीत जुलाबाने शरीरातील पाणी वेगाने जाते. वरून उपास आणि लांबचा प्रवास. त्यामुळे सिकलसेलच्या रुग्णाने तपासणीची तारीख घेतानाच आपला आजार सांगायला हवा. अशा रुग्णाची तयारी रुग्णालयात दाखल करून, गरज पडल्यास सलाइन लावून करता येते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाल्यापासून ज्यांची तपासणी होऊन कार्ड मिळाले आहे, त्यांनी ते कार्ड सोबत न्यावे.

दुसरी बाब लोहाच्या गोळ्यांची. रक्तक्षयासाठी अनेक स्त्रिया त्या नियमित घेतात. लोहामुळे मळ काळा आणि चिकट होतो, आतड्याचे अस्तर नीट दिसत नाही. म्हणून तपासणीच्या साधारण आठवडाभर आधी त्या थांबवायला सांगतात. कोणत्या गोळ्या, किती दिवस थांबवायच्या आणि पुन्हा केव्हा सुरू करायच्या, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबाबतही तेच. पांढरा भात, साबुदाणा आणि रवा हे चोथ्याने कमी असले, तरी रक्तातील साखर झपाट्याने वाढवतात.

कुणाला हा आहार लागू नाही?

सर्वांत मोठा गोंधळ इथेच आहे. ‘पोट बिघडले की हलके खा’ या सल्ल्यातून कमी चोथ्याचे पथ्य नको तिथेही पोहोचते. बद्धकोष्ठ आणि मूळव्याध यांत नेमके उलटे हवे असते : पालेभाज्या, सालाच्या डाळी आणि भरपूर पाणी. तिथे चोथा बंद केला तर मळ कडक होतो, कुंथावे लागते आणि रक्तस्राव वाढतो.

लहान मुलांच्या जुलाबातही हे पथ्य नको. त्यांना ओआरएस, झिंक, अंगावरचे दूध आणि नेहमीचे अन्न सुरू ठेवणे हाच उपचार. आजारात अन्न तोडल्याने कुपोषणाकडे झुकलेले मूल आणखी खाली घसरते.

मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक पिशव्या असणाऱ्यांना, म्हणजे डायव्हर्टिक्युलोसिस असणाऱ्यांना, दाणे व बिया कायमच्या बंद करण्याचा सल्ला वर्षानुवर्षे दिला गेला. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात २००८ मध्ये दिसले, की दाणे आणि मका खाल्ल्याने या पिशव्यांना सूज येण्याचा धोका वाढत नाही. सूज आलेली असताना काही दिवस हलका आहार ठीक. एरवी चोथा हवाच.

किती दिवस आणि परत कसे यायचे?

तपासणीसाठीचे पथ्य तपासणीबरोबर संपते. गाठ काढली नसेल किंवा वेगळी सूचना नसेल, तर त्याच दिवशी नेहमीचे जेवण सुरू करता येते. शस्त्रक्रियेनंतर बहुधा काही आठवडे. दाहाच्या भरात तो ओसरेपर्यंत. आतड्याच्या क्षयात औषधांचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. त्यात अरुंद भाग किती सुटला हे पाहून डॉक्टर पथ्य सैल करतात. काहींना शस्त्रक्रिया लागते. कायमचा अरुंदपणा राहिलेले रुग्ण थोडेच असतात आणि त्यांचे पथ्य आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालते.

चोथा परत आणताना एकदम ताटभर भाजी घेतली की गॅस आणि कळा येतात. रुग्णाला वाटते आजार उलटला, आणि तो पुन्हा भात-बटाट्यावर जातो. म्हणून एका वेळी एक पदार्थ, थोड्या प्रमाणात, मऊ शिजवून, दोन-तीन दिवस पाहून पुढचा, असा क्रम ठेवावा. आधी साल काढलेल्या डाळी वाढवाव्या, मग कोवळ्या पालेभाज्या, मग भाकर, शेवटी उसळी, बिया आणि वास्ते.

पथ्य विनाकारण लांबले तर बद्धकोष्ठ होते, आतड्यातील उपयुक्त जिवाणूंची उपासमार होते आणि फोलेट, लोह, क जीवनसत्त्व कमी पडते. सिकलसेलच्या रुग्णाला नव्या रक्तपेशी सतत बनवाव्या लागत असल्याने फोलेटची गरज इतरांपेक्षा अधिक असते, आणि ते मुख्यतः पालेभाज्या व डाळींतून मिळते. ज्या घरात रानभाजी हेच जीवनसत्त्वांचे स्वस्त साधन आहे, तिथे ती सहा महिने विनाकारण बंद होणे ही किरकोळ बाब नाही.

तातडीने दवाखाना केव्हा गाठायचा?

पोट फुगत जाणे, थांबून थांबून येणाऱ्या तीव्र कळा, वारंवार उलटी आणि त्यासोबत शौच व वारा दोन्ही बंद होणे, ही आतडे अडल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी आहार बदलून पाहणे, जुलाबाचे औषध घेणे किंवा पोट चोळणे धोक्याचे. तोंडाने काही न देता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. शौचातून रक्त, काळा मळ, ताप किंवा कारणाशिवाय घटणारे वजन यांसाठीही पथ्यावर भागवू नये, तपासणी करून घ्यावी.

काय बदलायला हवे?

चिठ्ठीवर ‘लो रेसिड्यू डाएट’ असे तीन शब्द लिहिणे म्हणजे गोळीचे नाव लिहून मात्रा न लिहिण्यासारखे आहे. कारण, सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख या तीन गोष्टी त्यासोबत असायलाच हव्यात. चौथी गोष्ट म्हणजे भाषा. गडचिरोलीत मराठीसोबत माडिया आणि गोंडी बोलली जाते, सिरोंचात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शी भागात बंगाली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगडी. तिथे इंग्रजी तक्ता कोण वाचणार? आणि वाचला तरी त्यातला पदार्थ आणणार कुठून?

या जिल्ह्यांना हे नवे नाही. हेमलकशात २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना उपचार करण्याआधी माडिया शिकावी लागली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू कमी करून दाखवले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. इतके गुंतागुंतीचे काम गावाच्या भाषेत उतरू शकते, तर दहा-बारा चित्रांचा एक आहार-कागद उतरायला अडचण नसावी. एका बाजूला ‘चालेल’ : भात, पेज, अंडे, मासा, लवकी. दुसऱ्या बाजूला ‘काही दिवस नको’ : तरोटा, वास्ते, जवस, टेंभर, खर्रा. खाली ठळक अक्षरांत एक रिकामी जागा : ‘पुन्हा सुरू करण्याची तारीख’. तो कागद रुग्णासोबत गावी गेला आणि त्याची प्रत आशा स्वयंसेविकेकडे राहिली, तर ती त्या तारखेला दारात जाऊन विचारू शकेल, की भाजी पुन्हा सुरू केली का?

तोवर रुग्णाच्या हाती एवढे नक्की आहे. चोथा बंद करायला सांगितले, की तिथेच दोन प्रश्न विचारायचे : कशासाठी आणि केव्हापर्यंत? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यायचे आणि मगच घरी निघायचे.